नवसीचा वयोगट

आनंदा शिंत्रेबद्दल बोईसरमध्ये दोन गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. कारखान्यात परमिटचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो वॉल्व्हला हात लावत नाही, ही एक. आणि रग्बीच्या मैदानावर शिट्टी घेऊन उतरला की सख्ख्या भावालाही ओळख देत नाही, ही दुसरी. त्याची बायको उषा म्हणते, घरी मात्र ह्यांची शिट्टी वाजत नाही. ते खरं असावं, कारण आनंदा त्यावर नुसता हसतो.

गडी मूळचा गडहिंग्लजकडचा. बावीस वर्षांपूर्वी एक पेटी आणि कबड्डीत मोडलेलं करंगळीचं हाड घेऊन बोईसरला आला आणि एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात चिकटला. तिथे कोलकात्याचा एक साहेब होता. त्याने संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कामगारांच्या हातात अंड्याच्या आकाराचा चेंडू दिला आणि सांगितलं, पास मागे द्यायचा आणि जायचं पुढे. लोक पोट धरून हसले. पण समोरच्याला कमरेत धरून आडवा पाडायचा, यालाच हे लोक खेळ म्हणतात हे कळल्यावर कबड्डीवाले सगळे खूश झाले. वर्षभरात कारखान्याचा पंधरा जणांचा संघ उभा राहिला.

त्या संघात कैलास होता, खानदेशचा, आनंदाच्याच शिफ्टमधला. रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार असतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांना धरून, डोकी अडकवून भिडतात आणि चेंडूसाठी ढकलाढकली करतात. सगळा भार पुढच्या फळीतल्या तिघांच्या मानांवर येतो. एका रविवारी पुढच्या फळीतला एक जण घोटा मुरगळून बाहेर गेला आणि त्याच्या जागी कैलासला उभं केलं. त्याला ते काम कुणी शिकवलेलं नव्हतं. दहाच मिनिटं तर उरलीत, असं सगळेच म्हणाले, आनंदाही म्हणाला. त्याच्या मागे, खांदा लावून ढकलायला आनंदाच होता. स्क्रम कोसळला. पुढे काय झालंय ते मागच्यांना लगेच दिसत नाही, म्हणून मागचे ढकलत राहतात. आनंदा दोन सेकंद ढकलत राहिला.

कैलास आज गावी खुर्चीत असतो. हात उचलत नाहीत. आनंदा दर दिवाळीला जातो, त्याला फराळ भरवतो. "तुझी काय चूक, भाऊ?" असं कैलास दरवेळी म्हणतो, आणि आनंदा पुढचा घास त्याच्या तोंडाशी नेतो.

त्यानंतर आनंदाने खेळणं सोडलं आणि रेफ्रीची परीक्षा दिली. नियमांचं पुस्तक त्याने इतकं वाचलं की त्याचा पुठ्ठा निखळला. त्यातला त्याचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे लहानांसाठी बदललेले नियम. अगदी बारक्यांना कुणी हात लावायचाच नाही; कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती, फीत ओढली की झालं. थोडी मोठी झाली की कमरेखाली धरायला परवानगी. मग तिघांचा स्क्रम, पण नुसता उभा राहायचा, ढकलायचं नाही. मग हळूहळू माणसं वाढवायची. अगदी सतरा-अठरा वर्षांची पोरं असली तरी स्क्रम दीड मीटरच्या पुढे रेटायचा नाही, पुढच्या फळीत शिकलेलेच खेळाडू हवेत, आणि रेफ्रीला धोका वाटला तर त्याने ढकलणं बंद करून टाकायचं. आनंदा हे पाड्यांवरच्या शाळांत जाऊन शिकवायचा, तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. हे नियम लिहिणारा कुणीतरी फार घाबरलेला माणूस असणार, असं त्याला वाटे, आणि तो माणूस त्याला आपला वाटे.

आता डिसेंबरातल्या त्या शनिवारचं सांगतो. पालघर-बोईसर रस्त्यालगतच्या मैदानावर अठरा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना होता. वारा कारखान्यांच्या बाजूने सुटला होता आणि घशात खवखवत होतं. पाऊस गेल्याला दोन महिने झाले होते; जमीन इतकी टणक की बुटाची टाच मारली तर खूण उठत नव्हती. नियमाप्रमाणे अँब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर आतल्या स्ट्रेचरवर झोपला होता. आनंदाने त्याला जाऊन उठवलं. तो तोंड वाकडं करून उठला आणि आनंदाची पाठ वळताच पुन्हा आडवा झाला.

एका बाजूला बोईसरच्या मुली, कारखान्यांतल्या आणि वीजकेंद्रातल्या लोकांच्या, चांगल्या हाडापेराच्या. दुसऱ्या बाजूला डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळेच्या. त्यांच्या बाई भावना पागधरे, दातिवऱ्याच्या. मासे विकणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेली ही बाई आवाजाला भारी. तिने दटावलं की मुली धावतात आणि रेफ्रीही दचकतात. तिच्या संघात पुढच्या फळीत मधोमध उभी राहणारी हूकर होती नवसी. स्क्रममध्ये चेंडू पायाने मागे ओढायचं काम हूकरचं. दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यावर टाकलेले, त्यामुळे पडली तर टेकायला हात मोकळा नाही.

नवसी खेळायची मात्र अशी की बघत राहावं. लांब हात, लांब पाय, चेंडू मिळाला की वाट आपोआप सापडल्यासारखी पळायची. तिला बघायलाच पुण्याहून मनीष सर आले होते. सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी त्यांना पुढच्या फळीतली एक मुलगी हवी होती. निवड झाली की राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथेच. आनंदाने सामन्याआधी कागद तपासले होते. नवसी जिवल्या वरठा, जन्मतारीख एक जून, वय साडेसतरा. पुढच्या फळीचं शिक्षण घेतल्याची भावनाबाईंची सही. सगळं जागच्या जागी होतं.

"क्राउच... बाइंड... सेट!" वाका, धरा, भिडा असा आनंदाने आवाज दिला आणि पहिला स्क्रम भिडला. हाडावर हाड आदळल्याचा तो आवाज त्याला वीस वर्षांत सवयीचा झाला नव्हता. नवसीच्या समोर बोईसरची प्रियदर्शिनी होती, खांद्याने रुंद, शिकलेली, नियमात खेळणारी. तिची काही चूक नव्हती. तरी पहिल्याच रेट्यात नवसीची पाठ कमानीसारखी वाकली. दुसऱ्या स्क्रमला तिची हनुवटी छातीत रुतली. तिसऱ्याला तिचे पाय जमिनीवरून सुटले. वीतभरच सुटले, पण आनंदाला ते दिसले आणि त्याने शिट्टी अशी फुंकली की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

"लागलं का?"

"नाय सर," नवसी म्हणाली. "मी नाय घाबरत."

पाण्याची वेळ झाली. मुली पांगल्या. नवसी बाजूला उभी राहून धापा टाकत होती आणि मानेला काहीतरी चावत असावं, कारण तिने उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डाव्या कानामागे खाजवलं. कानामागे कसलं, तिची बोटं पार जबड्याखाली पोचली होती. आनंदा पाण्याची बाटली तोंडाशी धरून तसाच राहिला.

ज्यांचं लहानपण शहरात गेलं त्यांना हे सांगावं लागेल. जन्माचा दाखला नसलेलं पोर शाळेत आणलं, की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. मग रजिस्टरात तारीख पडे एक जून. आनंदाची स्वतःची तारीख तीच. त्याच्या शिफ्टमधल्या नऊ जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि कॅन्टीनवाला दरवर्षी त्यांची चेष्टा करतो. गावाकडे ही पद्धत गेली, पण डोंगरातल्या पाड्यांवर अगदी परवा-परवापर्यंत चालू होती. आणि जिचे हात एवढे लांब, तिला सहा वर्षं कुठली लागतात?

मध्यंतराला तो थेट नवसीच्या बापाकडे गेला. जिवल्या कुंपणाशी उकिडवा बसला होता, लेकीच्या चपला हातात धरून. साहेब स्वतः आले म्हटल्यावर उठून उभा राहिला.

"नवसी कधीची?" आनंदाने विचारलं.

"आमची नवसी आन ही सपनी एकाच पावसातल्या," जिवल्या कौतुकाने म्हणाला. सपना त्यांच्याच पाड्यावरची. पंधरा वर्षांखालच्या संघात खेळायची आणि आज टाळ्या वाजवायला आली होती. "सपनीच्या आयशीला अवघड गेला, तिला सरकारी दवाखान्यात नेली. माजी घरातच झाली."

सपनाचा दवाखान्याचा दाखला आनंदाने त्याच महिन्यात तपासला होता. चौदा वर्षं, पाच महिने.

"मग शाळेत सतरा कसं लागलं?"

"मास्तरांनी कान धराया लावला. चार वर्सांची व्हती, पन लागला कान." जिवल्या हसला. "वर शंभरपरत आकडे येत व्हते तिला. मास्तर बोलले, दुसरीत बसवू, दुसरीचा पट कमी हाय. दुसरी म्हंजे सात. मंग सात लिवले. मधी तीन-चार वर्सं आमच्यासंगं विटांच्या भट्टीवर गेली, म्हनून आता नववीला हाय. हुशार हाय पोर."

चौदा वर्षांची पोर अठराच्या गटात. पुस्तकात खालची मर्यादा पंधरा पूर्ण अशी होती. पण पुस्तक कागद बघतं, आणि कागद म्हणत होता साडेसतरा.

भावनाबाई तोवर तिथे येऊन ठेपल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे आधीपासून माहीत होतं हे आनंदाला कळलं.

"शिंत्रे सर, तुमी रेफ्री हाय, तलाठी नाय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज दबला की जास्त भीती वाटते. "पुढल्या जूनला ती कागदावर अठराची होते. आजच्या मॅचनंतर तिला दुसरी मॅच नाय. तो पुण्याचा माणूस तिच्यासाठी आलाय. घेतली तर बारावी होईल, पुढं शिकंल. नाय घेतली तर आठ दिवसांत भट्टीवर. तिच्या दोन बहिणी तिकडंच गेल्यात."

"आणि मान गेली तर, मॅडम?"

"आतापरत गेली का?"

आनंदाला यावर कैलासचं नाव घ्यायचं होतं. घेतलं नाही. भावनाबाई खोटं बोलत नव्हत्या, हेच तर वाईट होतं. पोरीसाठी जीव तोडणारी बाई ती. दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी कुणी एवढं करत नाही. आणि अजून स्क्रम होणार किती? चार? पाच? त्यातला एखादाच कोसळणार, किंवा एकही नाही. दहाच मिनिटं तर उरलीत, असं स्वतःच्याच आवाजातलं बोलणं त्याला कानात ऐकू आलं.

वय उकरून काढलं तर पोर बाद, संघ बाद, शाळेवर चौकशी. ते त्याला नको होतं. त्याने मधला मार्ग काढला. आपण हुशारी केली असं त्याला त्या क्षणी वाटलं, हे सांगायला हवं. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्याने दोन्ही कर्णधारांना बोलावलं आणि सांगितलं, "पुढच्या फळीत मला धोका दिसतोय. इथून पुढे स्क्रम बिनढकलीचे. नुसतं धरायचं, उभं राहायचं, चेंडू टाकणाऱ्याने जिंकायचा."

बोईसरचे पालक खवळले. त्यांच्या संघाची ताकदच स्क्रममध्ये होती. कुणी ओरडलं, कुणी रिकामी बाटली फेकली. आनंदाने मान वळवली नाही. पहिला बिनढकलीचा स्क्रम उभा राहिला. सोळा मुली वाकून, डोकी अडकवून स्थिर. कसलाही आवाज नाही. नवसीने आतून मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती विचारणा होती, आणि ती त्याला रागापेक्षा सहन होईना.

बोईसर एका ट्रायने, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे एकदा जास्त टेकवून, जिंकलं. सामना संपल्यावर प्रियदर्शिनी आनंदाजवळ आली. "थँक्यू सर," ती हळू म्हणाली. "ती किती हलकी होती. मलाच भीती वाटत होती." आनंदाचे डोळे भरून आले. आपण केलं ते बरोबर केलं, हे त्याला त्या दिवसापुरतं पुरलं.

मनीष सर वही मिटताना म्हणाले, "पळते छान. पण हूकर ढकलताना बघितल्याशिवाय कशी घ्यायची, शिंत्रे? तुम्हीच सांगा." त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी घेतली. भावनाबाईंनी आनंदाकडे पाठ करून मुलींना रांगेत उभं केलं, मोजलं आणि टेम्पोत चढवलं.

पुढचे दोन महिने आनंदाने सुट्टीच्या दिवशी घर पाहिलं नाही. नवसीचं वय दुरुस्त करून घ्यायचं त्याने मनावर घेतलं. वय खरं झालं की पोरीला तीन वर्षं मिळतात, अगदी नियमात, कुणाच्या उपकाराशिवाय. मुख्याध्यापक भले होते, चहा पाजायचे. "दुरुस्ती होते ना," ते म्हणाले, "पण जन्माची नोंद आणा." ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. जिवल्याने सांगितलेलं कुणी लिहून घेईना. सपनाचा दाखला दाखवला, तर मुख्याध्यापक म्हणाले, "हा सपनाचा दाखला आहे, शिंत्रे साहेब." ज्या मास्तरांनी कान धरायला लावला ते वारले होते. एक जून रजिस्टरात ठळक शाईने लिहिलेली होती, तिच्यावर खाडाखोड नव्हती, आणि म्हणून ती खरी होती. आयुष्यभर कागद वाचून मगच कामाला हात लावणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कागदाचा राग आला.

हे सांगायला तो पाड्यावर गेला तेव्हा दाराला काटक्या लावून घर बंद केलेलं होतं. शेजारच्या म्हातारीने हात वाडा तालुक्याच्या दिशेने केला.

भट्टी त्याला फेब्रुवारीतल्या एका रविवारी सापडली. दुपारचं ऊन आणि धूर एकत्र झाले होते. माणसं ओळीने कच्च्या विटा डोक्यावरून वाहत होती. आनंदा मोटारसायकल लावून उभा राहिला आणि नकळत मोजू लागला. बारक्या पोरांच्या डोक्यावर चार विटा. थोड्या मोठ्यांच्या सहा-सात. वाढत्या मुलींच्या दहा. बायांच्या बारा. कुणी कुणाला विचारत नव्हतं. अंगाकडे बघून विटा ठेवल्या जात होत्या. नवसीच्या डोक्यावर दहा होत्या. चुंबळीखाली तिची मान ताठ होती, दोन्ही बाजूंच्या शिरा दिसत होत्या. ज्या मानेसाठी त्याने ढकलणं थांबवलं होतं ती ही मान. तो बघू शकेना आणि त्याला नजरही काढता येईना.

तीच त्याला बघून धावत आली. चेहरा मातीने माखलेला, दात पांढरे.

"सर! भावना मॅडम बोलल्या मला, चौदाची हाय म्हनून तुमी ढकलू दिला नाय." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिचा हिशेब झालेला होता. "पुढल्या वर्साला पंधरा व्हतील ना? मंग नियमात बसते ना मी?"

आनंदाने तिला खोटं सांगायचं ठरवलं होतं. वाटेत दोनदा तोंडाने घोकलंही होतं. पण नियम विचारला की खरं सांगायची सवय अंगात इतकी मुरली होती की ते तोंडातून निघून गेलं.

"शाळेने तारीख बदलली नाही, नवसी. पुढच्या वर्षी तू कागदावर अठराच्या वर जातेस. मग त्या गटात नाही घेता येत."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"म्हंजे आज लहान, आन उद्या मोठी," ती म्हणाली. "खेळायची कवा?"

नियमांच्या पुस्तकातलं प्रत्येक पान आनंदाला पाठ होतं आणि एकाही पानावर हे नव्हतं. पलीकडून जिवल्याने हाक दिली. ओळ खोळंबली होती. नवसी गेली, बापापुढे उभी राहिली आणि चुंबळ नीट केली. जिवल्याने दहा विटा रचल्या आणि हात मागे घेतला.

"बाबा, अजून दोन ठेव," नवसी म्हणाली. "मी अठराची हाय."

जिवल्याने आनंदाकडे एकदा पाहिलं आणि दोन विटा ठेवल्या.